भोरड्या नदीपार होईपर्यंत

गेल्या आठवड्यात माझा भाचा बेळगावहून आला, गळ्यात दुर्बीण अडकवून. तो तिथल्या कॉलेजात शिकवतो आणि सुट्टी मिळाली की पाखरं बघत हिंडतो. माघात आमच्या नदीकाठाला काय काय येतं ते त्याला बघायचं होतं. मी त्याला पहाटे उठवलं, चहा दिला, भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या आणि आम्ही निघालो. बोरगावपर्यंत बैलगाडी आणि पुढं पायी, असा दिवसभराचा फेरा झाला. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यामुळं माझ्यासाठी त्याला कुठं थांबावं लागलं नाही. उलट तोच सारखा थांबत होता आणि मी पुढं जाऊन त्याची वाट बघत होते.

सडकेच्या तारेवर वेडे राघू ओळीनं बसले होते. मधूनच एखादा खाली सूर मारायचा, हवेतल्या हवेत माशी पकडायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचा. बंद पडलेल्या एका मोटेच्या लाकडावर नीळकंठ होता. बसलेला असताना हा पक्षी अगदी मातकट दिसतो, उडाला की पंखातलं निळं उघडतं. भाच्यानं घाईनं दुर्बीण माझ्या हातात दिली, तोवर तो उडून गेलाही होता. नांगरलेल्या रानात टिटव्या पळत होत्या. नदीच्या वाळूवर करकोचे उभे होते, राखाडी, उंच, माना आत ओढून घेतलेले. तलाठ्याच्या चावडीपुढं लोक जसे आपली पाळी येईपर्यंत उभे राहतात, तसे.

"मावशी, तू कधी असे निवांत पक्षी बघितलेस का गं?" त्यानं विचारलं.

"निवांत नाही रे. पण बघितलेत."

तेवढ्यात माळाकडून भोरड्यांचा थवा आला. भाचा त्यांना गुलाबी मैना म्हणतो. त्यातल्या काही एका शाळवाच्या तुकड्यात उतरल्या आणि त्यानं पुन्हा दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. काळं डोकं, काळे पंख आणि मधे अंग फिक्या गुलाबी रंगाचं. भाचा म्हणाला, "बघ, रंग कसा आहे." मला आधी दिसला तो एकीच्या चोचीतला दाणा. दाणा चिकात होता, दाबला की दूध यावं असा, आणि ती तो मन लावून फोडत होती. माझा उजवा हात आपोआप गोफणीसाठी कमरेकडं गेला. कमरेला आता चाव्यांचा जुडगा असतो.

भाच्याला हसू आलं. मलाही आलं.

ज्याला शाळू राखावा लागला आहे त्याला भोरडीचा रंग सांगता येणार नाही, पण बाकी सगळं सांगता येईल. ती सकाळी दहिवर उडायच्या आत येत नाही, कारण ओल्या कणसावर तिचे पाय घसरतात. ती एकटी येत नाही. थवा लांबून दिसतो तेव्हा धुरासारखा दिसतो, जवळ आला की त्याचा आवाज पावसाची सर ताडपत्रीवर पडावी तसा होतो. चिमणी कणसातला दाणा निवडून खाते. पोपट कणीस तोडून अर्धं टाकतो, त्याच्यात उधळेपणा आहे. होले खाली सांडलेलं वेचतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. भोरडी मात्र बसली की वावर बसवते. उठवायला उशीर झाला तर उभ्या ताटांवर नुसती पोकळ कणसं उरतात, आणि घरच्या माणसांनी वर्षभर खायची भाकरी त्या कणसांत असते.

माझं लग्न झालं तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझे वडील निपाणीत शाळामास्तर होते. आमच्या घरी पाखरांना दाणे टाकायची पद्धत होती. सासर नदीकाठच्या खेड्यात मिळालं, आणि तिथं पहिल्याच थंडीत मला पाखरं हाकायला माळ्यावर बसवलं. माळा म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या आणि कडबा टाकून केलेली बसायची जागा. वर चढलं की सगळं शिवार पायाखाली येतं, मागं उंचावर माळरान आणि समोर दूधगंगा. नदीच्या पलीकडं संस्थान सुरू व्हायचं. आमचे लोक म्हणायचे, पाखरं नदीपार घालवली की राखण झाली, पुढचं दरबारानं बघावं.

पण नदीपार घालवणं एकट्याचं काम नव्हतं. थवा माळाकडून यायचा. पहिल्या माळ्यावरच्या माणसानं तो आपल्या डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि मग मागून हाक घालायची, म्हणजे थवा पुढं सरकायचा. दुसऱ्यानं तोवर गप्प बसायचं. थवा त्याच्याही डोक्यावरून गेला की त्यानं हाक उचलायची. अशी हाक माळ्यामाळ्यावरून नदीपर्यंत जायची आणि भोरड्यांना मधे कुठंही पाय टेकायला मिळायचा नाही. यातलं अवघड काम ओरडायचं नसून गप्प बसायचं होतं. शेकडो पाखरं आपल्या उभ्या पिकावर येत आहेत आणि आपण तोंड मिटून बसायचं, कारण मागच्या माळ्यावरचा माणूस त्यांना हाकतो आहे, तो मधेच थांबणार नाही. पाखरांकडं बघून हे जमत नाही. मागच्या माळ्यावरच्या माणसाकडं बघून जमतं.

त्या वर्षी आमच्या वावरात नेमकं हेच मोडलं होतं.

माझे थोरले दीर, त्यांना सगळे आप्पा म्हणत, आणि माझे यजमान यांची दिवाळीनंतर वाटणी झाली. वावर एकच होतं, शाळू पेरून झालेला होता. मधून नवा बांध घातला आणि तो दोन सऱ्या कुणाच्या बाजूला सरकला यावरून दोघांचं वाजलं. कोण खरं होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. घरात मधे कूड उभा राहिला, चुली दोन झाल्या. यजमानांनी मला सांगितलं, "तिकडं बोलायचं न्हाय." एवढंच. आप्पा मात्र पक्के होते. त्यांनी माझी थोरली जाऊ पारूआक्का हिच्या हातावर बिरोबाचा भंडारा ठेवला आणि वदवून घेतलं की धाकटीशी एक शब्द बोलणार नाही.

भंडारा उचलणं हा आमच्याकडं चेष्टेचा विषय नाही. पारूआक्का चिकोडीकडची, कानडी माहेरची, देवाधर्माला पक्की. लग्नानंतरचे पहिले महिने तिनंच मला भाकरी थापायला शिकवली होती. कूड उभा राहिल्यावर तिच्या खोकल्याचा आवाज मला पलीकडून ऐकू यायचा, आणि माझ्या तव्यावर भाकरी करपली की तिकडून भांडं जोरात आपटल्याचा आवाज यायचा. त्यापलीकडं काही नाही.

पौष सरताना कणसं भरली आणि दोघे भाऊ आपापल्या माळ्यावर चढले. आमचा माळा माळरानाच्या बाजूला, आप्पांचा नदीच्या बाजूला. थवा आला की आमचे यजमान तो पुढं ढकलायचे आणि आपल्या बांधाशी येताच हाक थांबवायचे, म्हणजे थवा बरोबर आप्पांच्या वावरात बसायचा. आप्पा काही कमी नव्हते. ते थवा यायच्या आधीच समोरून गोफण सोडायचे, म्हणजे तो उलटा फिरून आमच्यात यायचा. दिवसभर हेच चालायचं. संध्याकाळी दोघेही आपापल्या घरी खुशीत सांगायचे की आज त्याच्यात चांगली बसवली. दोन्हीकडचा शाळू रोज कमी होत होता. आमचा बांधालगतचा पट्टा मोकळा झाला होता. आप्पांचा बाभळीखालचा कोपरा गेला होता. पारूआक्काला चार पोरं होती आणि त्यांच्या वाट्याला दुसरं शाळवाचं रान नव्हतं. आणखी आठ-दहा दिवस असेच गेले असते तर दोन्ही घरांत कडबाच काय तो आला असता. हे दोन्ही चुलींपुढं कळत होतं. माळ्यावर कळत नव्हतं.

माघाच्या सुरुवातीला तंबाखू विकायचा दिवस आला. दोघा भावांनी तंबाखूचे आपापले बोद आपापल्या गाडीत भरले आणि पहाटे, थोडं अंतर ठेवून, दोन्ही गाड्या निपाणीच्या वखारीकडं गेल्या. राखणीला बायकाच उरल्या.

मी माळ्यावर चढले तेव्हा गार वारा सुटला होता. कणसांवर दहिवर होतं. हरभऱ्याच्या वावरातून आंबूस वास येत होता. पलीकडच्या माळ्यावर पारूआक्का डोक्यावरून घोंगडी घेऊन बसली होती, पाठ माझ्याकडं करून. तिच्या पुढं, नदीला लागून, तुकाआप्पांचा माळा होता. तुकाआप्पा म्हातारे, जिभेचे तिखट, आणि शिवारातल्या प्रत्येकाच्या घरात काय शिजतं ते माळ्यावर बसून सांगणारे.

ऊन वर आलं आणि पहिला थवा उठला. मी उभी राहिले आणि जमेल तेवढ्या जोरानं ओरडले. थवा माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो तिथूनच वळला, घिरटी घेतली आणि आमच्याच वावराच्या वरच्या टोकाला उतरला. मी घासलेटचा रिकामा डबा बडवत धावले. परत येते तर पारूआक्काचा आवाज ऐकू आला. तोंड नदीकडं, हात आभाळाकडं.

"ए निपाणीवाले भोरडे, एवढी घाई कशापायी गं? लगीन चुकतंय व्हय तुझं? डोस्क्यावर येऊ द्यावं, मग तोंड उघडावं."

माझं तोंड उतरलं. भोरड्या निपाणीच्या नसतात हे मलाही कळत होतं. मला वाटलं, ही टोमणे मारते आहे. मी "आक्का" अशी हाक मारली. तिनं घोंगडी आणखी पुढं ओढून घेतली. मी पुन्हा हाक मारली. मग ती पाखरांना म्हणाली, "ऐकायचं असंल तर ऐका, बाई. मी कुणासंगट बोलत न्हाय. पाखरांस्नी बोलू नगं असं काय भंडाऱ्यावर म्हटलेलं न्हाय."

दुसरा थवा आला. मी दात घट्ट दाबून बसून राहिले. पाखरं डोक्यावरून चालली तेव्हा वारा लागावा तसं वाटलं. मग उठून मागून हाक घातली. थवा पुढं सरकला. बांध आला तशी मी थांबले, कारण यजमान तसंच करायचे आणि दुसरं मी काही बघितलेलं नव्हतं. थवा खाली बसला, पारूआक्काच्या पिकात. ती उठली, गोफण फिरवली, पाखरं उठवली, आणि मग तिचं तोंड सुटलं.

"बांध सपला म्हणून तोंड मिटलीस व्हय गं भोरडे? तुझ्या बानं घातलाय त्यो बांध? पाखराला बांध ठावं हाय? माझ्या टकुऱ्यावरनं जाईस्तवर बोंबलायचं, मग मी हाय आन माझं नशीब हाय."

नदीकडून तुकाआप्पा ओरडले, "पारू, पाखरांस्नी साळंत घालालीस का काय गं?"

"व्हय तुकाआप्पा. एक लई मठ्ठ हाय, मास्तराची."

"शिकंल, शिकंल. तुझ्या तोंडाला भिऊन तरी शिकंल."

मी माळ्यावर एकटीच हसले. मग मला कळलं की ही मला शिव्या देत नाही, काम सांगते आहे. आणि काय सांगते आहे तेही कळलं. आपला बांध संपला तरी हाक संपवायची नाही. दुसऱ्याच्या पिकावर पाखरं असताना आपला घसा चालू ठेवायचा. ती तिकडं गप्प बसणार, ते त्याच भरवशावर.

तिसऱ्या खेपेला मी थांबले नाही. बांध गेला, तिच्या वावराच्या मध्यावर थवा आला, मी ओरडतच होते. पारूआक्का माळ्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती, हलली नाही. थवा तिच्या डोक्यावरून पार झाला तेव्हा ती उठली आणि तिनं हाक उचलली. तिची हाक कानडी होती. "होगऽ, होगऽ", म्हणजे जा, जा, करत तिनं थवा तुकाआप्पांवर नेला, तिथून तो पाण्यावर गेला, पाण्यात त्याची सावली पडली आणि तो पलीकडच्या काठावर दिसेनासा झाला. शेवटी तिनं आवाज बदलला आणि मानानं म्हणाली, "होग्री, होग्री, आता दरबारचं पाव्हणं तुमी."

आता त्या शिवारात माळे फारसे दिसत नाहीत. आम्ही फिरून आलो त्या वाटेवर दोन्ही बाजूंना तंबाखूच होती, हिरवी, रुंद पानांची, एका उंचीची. दोघा भावांनीही पुढं तंबाखूच वाढवली, शाळू खाण्यापुरता उरला. पैसा तंबाखूनं दिला हे मी नाकारणार नाही. त्या पैशावर माझी मुलं शिकली. पण तंबाखूला पाखरू तोंड लावत नाही. तिला राखण नको, हाक नको, शेजारच्या माळ्यावर कोण बसलं आहे हे बघायचं कारण नको. प्रत्येकजण आपल्या बांधाच्या आत सुखी आहे. भाचा म्हणाला, तंबाखूच्या रानात त्याला बघण्यासारखं काही मिळत नाही. मी म्हटलं, आम्हालाही मिळालं नाही.

राखणीच्या त्या पहिल्या दिवशी दुपारी पाखरं झाडांत विसावली. या वेळी शिवार एकदम शांत होतं. बाभळीवर कोतवाल बसला होता, काळाभोर, शेपटी चिरलेली. माळाच्या कडेला पळसाला पहिले काळपट कळे आले होते. मी भाकरी सोडली. पलीकडून धूर दिसला आणि शाळू भाजल्याचा वास आला. थोड्या वेळानं पारूआक्का खाली उतरली, बांधापर्यंत आली, तिथल्या दगडावर पळसाच्या पानात काहीतरी ठेवलं आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "कावळ्यांनो, हुरडा ठेवलाय रं. गरम हाय तवर खावा. मागनं दात चालत न्हाईत."

ती पाठ करून गेली. मी उतरले, हुरडा घेतला, त्या जागी खर्डा आणि भाकरी ठेवली. माझ्यावर काही भंडाऱ्याची बंदी नव्हती, तरी मीही कावळ्यांनाच सांगितलं की खर्डा झणझणीत आहे, बेतानं खा. माळ्यावरून तिचा हसण्याचा आवाज आला, नंतर ठसका लागल्याचा.

तुकाआप्पांना हे सगळं दिसत होतं. मला त्यांचीच धास्ती होती. ते संध्याकाळी पारावर बसत आणि पारावर बसलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. पारूआक्कालाही तीच असावी, कारण तिनं नदीकडं तोंड करून विचारलं, "तुकाआप्पा, कान कसं हाईत तुमचं?"

"कान व्हय? गेलं की गं पोरी," ते म्हणाले. "सकाळधरनं नुसती पाखरंच ऐकू येत्यात."

दुपार कलली तसा ससाणा आला. तो आला की माणसानं काही करायचं नसतं. भाच्यानं परवा मला ससाण्याचे किती प्रकार असतात ते सांगितलं, मला एवढंच माहीत आहे की तो वर दिसला की शिवारातलं प्रत्येक पाखरू आपण नाहीच असं दाखवतं. त्यानं एक होला उचलला आणि तो गेला. पिसं कितीतरी वेळ खाली येत होती.

संध्याकाळी सगळं उलटं होतं. दिवसभर पलीकडं चरलेल्या भोरड्या नदी ओलांडून माळावरच्या बाभुळबनात झोपायला परततात आणि जाता जाता शेवटचं पोट भरून घेतात. आता हाक नदीकडून सुरू व्हायची होती. आधी तुकाआप्पा, मग पारूआक्का, शेवटी मी. आता गप्प बसायची पाळी माझी होती आणि बांधापलीकडं ओरडायची पाळी तिची.

सूर्य खाली गेला तसा नदीवर धूर दिसला. सकाळच्यापेक्षा दुप्पट मोठा थवा होता. तुकाआप्पांनी तो सोडला. पारूआक्का उठून उभी राहिली. त्याच वेळी मला सडकेच्या बाजूनं गाडी येताना दिसली. गाडी बांधाशी थांबली आणि आप्पा उतरले. त्यांच्या अंगाला तंबाखूचा खकाणा होता, ते शिंकतच बायकोच्या माळ्याखाली येऊन उभे राहिले.

थवा पारूआक्काच्या डोक्यावरून गेला. तिनं हाक घातली. थवा तिच्या वावरावरून बांधाकडं सरकू लागला. मी माळ्यावर बसले होते. आमचं उरलंसुरलं पीक माझ्यासमोर होतं आणि माझ्या हातात गोफण होती. ती आता थांबली तर थवा आमच्यात बसणार, आणि नवऱ्यासमोर ती थांबेल असं मला अगदी खरं वाटत होतं. समोरून गोफण सोडली तर थवा उलटा फिरून तिच्यात जाईल, हेही मला आता येत होतं. मी गोफणीत दगड घातला. पण हात वर केला नाही.

बांध आला. पारूआक्काची हाक थांबली नाही. ती माळ्याच्या कडेपर्यंत आली, पदर कमरेला खोचला आणि होती त्यापेक्षा मोठ्यानं ओरडू लागली. थवा आमच्या वावरावर आला, माझ्या माळ्यावर आला, क्षणभर सगळं अंधारलं, आणि तो पुढं गेला. मी उठले आणि हाक घेतली. बाभुळबनापर्यंत नेली.

मग शिवारात एकदम आवाज उरला नाही, आणि आप्पांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"कुणाचं राखालीयास गं?"

पारूआक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझंच. तिकडं बसली तर फिरून कुणात येत्यात? माझ्यातच न्हवं?"

 आप्पा पिकात शिरले. कोपऱ्यापर्यंत गेले, एक कणीस हातात धरून बघितलं, दुसरं बघितलं. मग बांधाशी येऊन आमच्या पिकाकडंही बघत उभे राहिले. सकाळी सोडून गेले होते जवळजवळ तेवढाच शाळू दोन्हीकडं उभा होता. त्यांना शेतीतलं कळत होतं, त्यामुळं त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी बैलांना पाणी दाखवायला नेलं.

यजमान त्यांच्यानंतर आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. मी भाकरी वाढली. कुडापलीकडंही ताटांचे आवाज होत होते.

"पाखरं कशी हुती आज?" त्यांनी विचारलं.

"आली तशी नदीपार गेली."

"आपल्यात बसली न्हाईत?"

"पहिल्यांदा थोडी बसली. मग न्हाय."

त्यांनी घास थांबवला. "आन त्यांच्यात?"

"त्यांच्यातबी तशीच, पहिल्यांदाच. मग न्हाय."

मी तव्याकडं बघत होते. हे कसं झालं असं त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोलणार नव्हते, ते मी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, सावकाश खाल्ली. हात धुऊन उठताना, दाराकडं बघत म्हणाले, "मला उद्या मोटंचं काम हाय. माळ्यावर तूच जा."

पहाटे मी निघाले तेव्हा अजून तांबडं फुटायचं होतं. वावरात आले, माळ्यावर चढले, घोंगडी गुंडाळून बसले. उजाडू लागलं तसा पलीकडचा माळा दिसायला लागला. त्यावर पारूआक्का आधीच येऊन बसली होती. आज तिचं तोंड माझ्याकडं होतं.